दमाचे गाणे
(आकाशवाणीवरील भाषण)

आज ज्या विषयावर आपणांशी चार शब्द बोलावयाचे मी योजिले आहे, तो वरवर पाहता फार लहान आहे. खेळाडूंचा संघ मैदानात उतरताना, खेळताना आणि खेळून परतताना जी गाणी म्हणत असे, ती गाणी आता लोपत चालली आहेत, एवढाच तो विषय. देशापुढे याहून कितीतरी मोठे प्रश्न पडले असता म्हाताऱ्या व्यायामशिक्षकाने ही कोठली किरकोळ तक्रार घेऊन यावे, असे कोणास वाटल्यास मी त्याला दोष देणार नाही. परंतु मी तक्रार घेऊन आलेलो नाही. माझ्या हातून झालेली एक चूक सांगावयास मी आलो आहे, आणि ती या गाण्यांच्या संबंधातलीच आहे.

गेल्या हिवाळ्यात रत्नागिरीजवळच्या एका शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरला होता. त्या शाळेत मी तीस वर्षे मुलांना खेळ शिकविले. शाळेचे नाव मी सांगत नाही, कारण चूक माझी आहे, शाळेची नव्हे. सकाळी आजी आणि माजी विद्यार्थ्यांचा कबड्डीचा सामना झाला. मैदान सुरेख आखले होते, माती भिजवून मऊ केली होती, पंच गणवेषात होते. मैदानाच्या एका कोपऱ्यात मोठा ध्वनिक्षेपक ठेवला होता, आणि कोणत्याही बाजूला गुण मिळाला की त्यातून एखाद्या चित्रपटगीताचा तुकडा अर्धा मिनिट गर्जत असे. गुण आजी विद्यार्थ्यांचा असो वा माजी विद्यार्थ्यांचा, गीत तेच. मुले खुशीत होती, आणि त्यांच्या खुशीत मीही सामील होतो. पण हळूहळू माझ्या ध्यानात आले की त्या सबंध तासाभरात मैदानावरच्या चौदा खेळाडूंपैकी आणि बाहेर बसलेल्या तीनशे मुलांपैकी कोणीही स्वतःच्या गळ्याने एक ओळदेखील म्हटली नाही.

सायंकाळी गप्पा रंगल्या असता पदवीच्या वर्गात शिकणाऱ्या एका मुलीने मला विचारले, "सर, तुमच्या वेळी संघाची गाणी असत म्हणे. एखादे म्हणून दाखवा ना." आम्ही सातआठ वृद्ध एकमेकांकडे पाहू लागलो. एकाने पहिली ओळ उचलली, दुसऱ्याने दुसरी सांगितली, तिसऱ्या ओळीला सगळेच अडखळलो. ज्या गाण्यांवर आम्ही वाढलो ती आम्हांलाच येत नव्हती. ती का येत नव्हती हे तेथे जमलेल्यांपैकी मला पुरते ठाऊक होते. दुसऱ्या एका गृहस्थांनाही ते ठाऊक होते, हे मला थोड्या वेळाने कळले.

ती गाणी कसली होती, हे आजच्या श्रोत्यांस प्रथम सांगितले पाहिजे. आपण ज्याला आज कबड्डी म्हणतो त्याला आमच्या लहानपणी हुतूतू म्हणत. बंगालमध्ये याच खेळाला हाडुडु म्हणतात, तमिळ मुलखात सडुगुडु, आंध्रात चेडुगुडु. ही नावे नीट कानांत घेतली तर दिसेल की ती खेळाची नावे नसून खेळताना तोंडाने करावयाचे आवाज आहेत. चढाईला गेलेल्या गड्याने एका श्वासात प्रतिपक्षाच्या अंगणात शिरावयाचे, कोणास तरी शिवावयाचे आणि तो श्वास संपण्यापूर्वी परत यावयाचे, हा या खेळाचा प्राण. आता गड्याने मध्येच चोरून श्वास घेतला नाही हे ओळखावे कसे? त्याकाळी हाती घड्याळ कोणाच्या होते? म्हणून त्याने अखंड आवाज करीत राहावे अशी युक्ती कोण्या शहाण्याने काढली. आवाज चालू आहे तोवर श्वास बाहेर जात आहे. आवाज तुटला की दम तुटला. पंच नसतानाही ज्याच्यात फसवणूक करता येत नाही असा हा नियम कानांनीच पाळला जाई.

आणि माणसाला आवाज करावयाचाच असेल तर तो नुसता आवाज करून कसा राहील? त्याचे गाणे होणारच. आमच्या गावी भातकापणी झाली की मळ्यात, आणि शिमगा जवळ आला की सहाणेपुढच्या मोकळ्या जागेत हुतूतू चाले. प्रत्येक गड्याचे स्वतःचे असे एखादे कडवे असे. दोन किंवा चार छोट्या ओळी, त्यांत स्वतःची फुशारकी, समोरच्यांना आव्हान, आणि शेवटचा शब्द असा की तो हवा तितका लांबविता यावा. कडवे म्हणत गडी रेषा ओलांडी आणि शेवटचा शब्द घोळवीत परत येई. कोणाचे कडवे किती लांब यावरून त्याचा दम किती हे समोरच्यास कळे. नवशिका मुलगा दोन ओळींचे कडवे घेई, आणि अंगात ताकद आली की त्यात स्वतः एक ओळ घाली. ओळ वाढली की मूल वाढले असे समजावे. आमच्या आईला माझा दम किती वाढला हे ओटीवर बसून नुसते ऐकूनच कळत असे.

पुढे मी रत्नागिरीच्या महाविद्यालयात गेलो. रत्नागिरीत महाविद्यालय १९४५ साली निघाले. त्यापूर्वी मॅट्रिकच्या पुढे शिकावयाचे तर पुणे, मुंबई किंवा कोल्हापूर गाठावे लागे. आमचा काळ १९६० नंतरचा. महाविद्यालयीन सामन्यांत नियमाप्रमाणे 'कबड्डी' या शब्दाखेरीज दुसरे काही म्हणता येत नसे. पण सरावात, प्रवासात आणि सामना संपल्यावर कडवी चालत. कोकण रेल्वे आमच्या कोकणात सर्वत्र धावू लागली ती १९९८ साली. त्यापूर्वी संघाला मुंबईस जावयाचे म्हणजे बोट तरी, नाहीतर एस. टी.ची गाडी. रात्रभर घाटवळणे घेत जाणाऱ्या त्या गाडीत मागच्या दोन बाकांवर आमचा संघ बसलेला असे आणि एकेकाने आपापले कडवे म्हणावे, बाकीच्यांनी शेवटचा शब्द उचलावा, असा क्रम चाले. सामना हरून परतताना तर गाणे अधिकच मोठ्याने होई. गाडीतील इतर उतारू रागावत, मग हसत, आणि पहाटे पहाटे तेही शेवटचा शब्द उचलू लागत.

खेळ आणि गाणे यांची ही जोडी केवळ आपल्याच इकडे जमली असे नाही. इंग्लंडमधील हॅरो या शाळेत फुटबॉलला फार मान होता. तेथील एडवर्ड बोवेन या शिक्षकाने १८७२ साली एक गाणे रचिले आणि जॉन फार्मर या संगीतशिक्षकाने त्याला चाल दिली. चाळीस वर्षांनी, अंग जड झाल्यावर आणि श्वास आखूड झाल्यावर, आपल्याला या मैदानाची आठवण कशी येईल, असा त्या फुटबॉलच्या गाण्याचा विषय आहे. पंडित जवाहरलाल नेहरू याच शाळेत शिकले. विन्स्टन चर्चिल हेही तेथलेच. १९४० च्या डिसेंबरात लंडनवर बॉम्ब पडत असताना ते पंतप्रधान होते, तरी मुलांची गाणी ऐकण्यासाठी ते मुद्दाम शाळेत गेले होते. अमेरिकेत तर प्रत्येक विद्यापीठाच्या फुटबॉलसंघाचे आपले गीत असते. मिशिगन विद्यापीठाने १८९८ साली शिकागोच्या संघावर विजय मिळविला तेव्हा लुई एल्बेल नावाच्या विद्यार्थ्याने त्या आनंदात जे गीत रचिले, ते तेथे आजही वाजते.

आपल्याकडे गर्दीने गावयाच्या गाण्याची जागा फुटबॉलने नव्हे तर गणेशोत्सवातील मेळ्यांनी घेतली. याच रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी ज्या सार्वजनिक उत्सवाला जोर दिला, त्यात १८९४ पासून तरुणांचे मेळे निघू लागले. एकसारखा पोशाख, हाती टिपऱ्या, मुखी पदे, आणि दुसऱ्या मेळ्याशी चुरस. संघाला जे जे लागते ते सारे त्यात होते, खेळ तेवढा नव्हता. आमच्या वडिलांच्या पिढीला मेळ्यांतील पदे मुखोद्गत असत. पुढे ध्वनिमुद्रिका आल्या, चित्रपट आले, आणि मेळे मागे पडले. तथापि मेळ्याचे गाणे काय किंवा मिशिगनचे गीत काय, ते खेळणाऱ्याखेरीज इतरांनी म्हणावयाचे गाणे आहे. हुतूतूचे कडवे हे खेळणाऱ्याने खेळता खेळता म्हणावयाचे गाणे होते. गाणे थांबले तर गडी बाद. गाण्यावर इतका भार टाकणारा दुसरा खेळ मला ठाऊक नाही.

मग हे गाणे गेले कोठे? याचे एक कारण सरळ आहे आणि त्यात कोणाचाही दोष नाही. गावोगाव खेळ निराळा, मैदान निराळे, गड्यांची संख्या निराळी, अशा स्थितीत दोन गावांचा सामना म्हणजे भांडणच. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली सुधारलेल्या नियमांनी स्पर्धा भरविली, १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी आपले देशी खेळ जगाला दाखविले, आणि १९५० साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. हुतूतू, हाडुडु, चेडुगुडु या सर्व भावंडांनी मिळून 'कबड्डी' हे एकच नाव घेतले आणि चढाईत उच्चारावयाचा शब्दही तोच ठरला. बंगाली पंचाला मराठी कडवे कसे कळावे? ते तुटले की नाही हे त्याने कसे ठरवावे? एक शब्द ठरला म्हणूनच आपला खेळ १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत पदकाचा खेळ होऊ शकला, आणि म्हणूनच २०१४ पासून व्यावसायिक सामन्यांतून खेड्यापाड्यांतील मुले या खेळावर आपले घर चालवू लागली. हे सारे मला मनापासून प्रिय आहे. नियमांनी चढाईतील कडवे काढून घेतले ते योग्यच केले. पण नियमांनी सरावातले कडवे काढून घेतले नव्हते, एस. टी.तले तर नव्हतेच. आमच्या शाळेतून ते काढून घेतले मी.

श्रोतेहो, ती हकीकत आता सांगतो.

मी शिक्षक होऊन पाचसहा वर्षे झाली होती. शाळेच्या मैदानावर सराव चालू होता आणि मुले कडवी म्हणत होती. कडव्यांत एकमेकांची थट्टा असे. कोणाचे नाक, कोणाचे गाव, कोणाचा उंचपणा. थट्टेला सीमा कोणती, हे मुलांना कोणी सांगितले नव्हते. मीही सांगितले नव्हते. त्या दिवशी एका मुलाने चढाई करताना जे कडवे म्हटले त्यात समोर उभ्या असलेल्या एका मुलाच्या जातीचा उल्लेख होता. कडवे नवे नव्हते; गावात ते पूर्वापार चालत आलेले होते, आणि म्हणणाऱ्या मुलाला त्याचा पुरता अर्थ तरी ठाऊक होता की नाही याची मला शंका आहे. पण ज्याला उद्देशून ते होते त्याला अर्थ ठाऊक होता. तो मुलगा आमच्या संघाचा सर्वांत चपळ गडी. त्याने पकड केली नाही. तो जागेवर उभा राहिला, मग रेषेबाहेर गेला, आपली पिशवी उचलली आणि घरी निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो सरावाला आला नाही. त्यानंतर तो कधीच आला नाही.

ज्या रत्नागिरीत सर्व जातींच्या हिंदूंसाठी १९३१ साली पतितपावन मंदिर उघडले, ज्या रत्नागिरीत शाळांतून मुलांनी जातवार न बसता एकत्र बसावे म्हणून माणसांनी घरोघर विनवण्या केल्या, त्या रत्नागिरीच्या परिसरात चाळीस वर्षांनी माझ्या मैदानावर हे घडले. मला लाज वाटली. लाजेने माणूस कधी कधी योग्य गोष्ट करतो आणि कधी कधी सोपी गोष्ट करतो. मी दुसऱ्या दिवशी सर्व मुलांना रांगेत उभे करून हुकूम सोडला की यापुढे या मैदानावर 'कबड्डी'शिवाय एकही शब्द ऐकू येता कामा नये. जो कडवे म्हणेल तो संघाबाहेर. मुलांनी हुकूम पाळला. दोनतीन वर्षांत वरच्या वर्गातील मुले शाळा सोडून गेली, खालच्या वर्गातून नवी आली, आणि त्यांना कडवे म्हणून काही असते हेच कोणी सांगितले नाही. परंपरा मोडावयास फार काळ लागत नाही. एका पिढीच्या मुलांनी गप्प बसणे पुरे होते.

मी त्यावेळी स्वतःवर प्रसन्न होतो. एक वाईट चाल मी बंद केली, असे मी लोकांना सांगत असे. त्या मुलाच्या घरी मात्र मी गेलो नाही. हुकूम सोडणे सोपे होते, त्याच्या दारात जाऊन उभे राहणे कठीण होते.

हाच प्रश्न दूरच्या देशांतही माणसांना पडला आहे, हे मला पुष्कळ उशिरा समजले. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाचे एक गीत आहे. फुटबॉलचा सामना संपला की खेळाडू आणि प्रेक्षक उभे राहून ते गातात. गोरी माणसे तोंडाला काळे फासून काळ्या माणसांची टवाळी करीत, अशा प्रकारच्या एका करमणुकीच्या कार्यक्रमात १९०३ साली ते प्रथम म्हटले गेले होते. २०२० साली तेथील खेळाडूंनी मागणी केली की हे गीत बदलावे. वाद्यवृंदातील काहींनी ते वाजविण्यास नकार दिला. जुन्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांना ते प्राणाहून प्रिय. विद्यापीठाने समिती नेमली, गीताचा इतिहास तपासला, आणि गीत ठेवले. हा निर्णय योग्य की अयोग्य, हे ठरविण्याचा अधिकार माझा नाही. परंतु त्यांनी निदान एक गोष्ट केली जी मी केली नाही. त्यांनी गाण्यासंबंधी उघड बोलणे केले. ज्यांना गाणे बोचत होते त्यांनी काय ते सांगितले आणि इतरांना ते ऐकावे लागले. मी बोलणेच बंद करून टाकले.

गाणे बंद झाले म्हणून मैदान शांत राहत नाही. ती जागा काहीतरी घेते. आज ती जागा ध्वनिक्षेपकाने घेतली आहे. आता तीस सेकंदांत चढाई संपली पाहिजे असा नियम आहे. दमाची परीक्षा घड्याळाने वाटून घेतली आहे, आणि दूरचित्रवाणीवर सामना पाहताना खेळाडूचा 'कबड्डी' हा शब्दही निवेदकाच्या आवाजाखाली बुडून जातो. ध्वनिक्षेपकावरचे गीत कोणाचाही अपमान करीत नाही हे खरे. पण ते कोणाचेही नाही हेही तितकेच खरे. ते मुंबईत वाजते, पाटण्यात वाजते आणि आमच्या शाळेतही वाजते. त्याच्यात आमची खाडी नाही, आमचा सडा नाही, कालच्या पराभवाची चुटपुट नाही.

यावर कोणी म्हणेल, जे गेले ते गेले. जुने कडवे आता पुन्हा कोठून आणावयाचे? येथे मला आमच्या कोकणातील जाखडीचे उदाहरण द्यावेसे वाटते. मुंबईकर जिला बाल्या नाच म्हणतात तीच ही जाखडी. तिच्यात शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष असतात. मध्ये गाणारे बसतात, भोवती नाचणारे फेर धरतात, आणि रात्रभर एका पक्षाने प्रश्न टाकावा, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यावे, असा सामना चालतो. गणपतीच्या दिवसांत कोकणात आणि एरवी मुंबईच्या नाट्यगृहांतही त्याला गर्दी होते. मेळे गेले, कडवी गेली, आणि जाखडी मात्र राहिली, याचे मला फार नवल वाटे. मग एका जाणत्या शाहिराने मला सांगितले की त्यांच्यात गेल्या वर्षीचे गाणे या वर्षी पुरत नाही. दरवर्षी नवे रचावे लागते, कारण प्रतिपक्षाला जुन्याचे उत्तर ठाऊक झालेले असते. त्यांची चाल जुनी, रीत जुनी, शब्द नवे. आणि एखाद्या शाहिराची जीभ सुटली तर मंडळी त्याला तेथेच थांबवितात. हे ऐकले आणि माझी चूक मला स्पष्ट दिसली. आमचे ते वाईट कडवे जुने होते आणि मुलांनी ते विचार न करता उचलले होते. त्यावर खरा उपाय गाणे बंद करणे हा नव्हता. मुलांकडून नवे गाणे रचवून घेणे आणि कोणते शब्द या मैदानावर चालणार नाहीत हे त्यांच्याशी बोलून ठरविणे, हा होता. ते काम शिक्षकाचे होते. मी ते टाळले.

आता पुन्हा त्या मेळाव्याकडे येतो. आम्ही वृद्ध तिसऱ्या ओळीवर अडखळलो होतो, तोच मागच्या रांगेतून एक गृहस्थ पुढे आले. साठी उलटलेली, केस पांढरे, मुंबईतील नोकरीतून निवृत्त होऊन गावी परतलेले. मी त्यांना ओळखले नाही. त्यांनी आमची अडलेली ओळ पुरी केली, मग दुसऱ्याचे कडवे म्हटले, मग तिसऱ्याचे. सगळी कडवी त्यांना पाठ होती. मी विचारले, "तुमच्या बरे इतकी ध्यानात राहिली?" ते म्हणाले, "सर, मी मैदानावर येत नव्हतो, पण कुंपणाबाहेर उभा राहून ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही ती बंद केलीत तेही ऐकले." तेव्हा मी त्यांना ओळखले.

मी त्यांची क्षमा मागितली. इतक्या वर्षांनी मागितलेल्या क्षमेची किंमत किती, हे मला ठाऊक आहे. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते एक कडवे तुम्ही बंद केलेत हे बरे केलेत. पण सर, त्या आठवड्यात मी घरी बसून त्याला उत्तर रचले होते. परत येऊन ते म्हणणार होतो. आलो तर तुम्ही सगळ्यांचेच तोंड बंद केलेले. माझे कडवे म्हणावयाचे राहूनच गेले."

श्रोतेहो, ज्याच्यासाठी मी तो हुकूम सोडला असे मी इतकी वर्षे स्वतःला सांगत आलो, त्याचेच उत्तर त्या हुकुमाने गिळले होते. माझ्याने काही बोलवेना. त्या मुलीनेच त्यांना विचारले, "काका, ते अजून आठवते का तुम्हांला?" ते उठले, आणि कापणीनंतरच्या मळ्यात उभे राहावे तसे गुडघे किंचित वाकवून उभे राहिले. त्यांच्या परवानगीने ते कडवे मी येथे सांगतो:

खाडी ओलांडुन आलो मी पार,
एकटा मी आणि तुम्ही हो फार,
धराल तर घालीन गळ्यात हार,
सुटलो तर येईन पुन्हा एकवार, वार, वार, वार...

शेवटचा शब्द त्यांना फार वेळ लांबविता आला नाही. या वयात दम कोठून आणावयाचा? पण ते थांबले तेथून मुलांनी तो शब्द उचलला. सकाळी ज्यांच्या तोंडून एक ओळ निघाली नव्हती त्या मुलांनी कोणी न सांगता तो उचलला आणि पुष्कळ वेळ चालविला. त्या कडव्यात कोणाचीही निंदा नाही, हे आपल्या ध्यानात आले असेल. ज्यांनी अपमान केला त्यांना उत्तर म्हणून त्या पंधरा वर्षांच्या मुलाने हे रचिले होते.

आता माझी विनंती. आपल्यापैकी जे कोणी शाळा-महाविद्यालयांशी संबंधित असतील त्यांनी आपल्या संघांना स्नेहसंमेलनात सामन्यापूर्वी दोन मिनिटे द्यावीत. त्या वेळी ध्वनिक्षेपक बंद ठेवावा. प्रत्येक संघाने स्वतः रचिलेले चार ओळींचे कडवे स्वतःच्या गळ्याने म्हणावे आणि दरवर्षी ते नवे असावे. कोणाची जात, कोणाचे अंग, कोणाच्या घरची गरिबी यांना त्यात जागा नाही, हे मुलांशी बोलून आधी ठरवावे. ठरविलेले मुले पाळतात, असा माझा अनुभव आहे. मुलींच्या संघांना तर हे अवघड जाऊ नये. गौरीच्या जागरणात झिम्मा-फुगडीच्या वेळी दोन बाजू करून एकमेकींना गाण्यातून उत्तरे देण्याची रीत त्यांच्या आज्यांनी आजवर जपली आहे. आणि ज्यांच्या घरी माझ्या वयाची माणसे असतील त्यांनी त्यांना एकदा विचारावे: तुमचे कडवे कोणते होते? जे आठवेल ते लिहून घ्यावे. बोचणारी ओळ आठवली तर तीही लिहून घ्यावी आणि ती का बोचते हे मुलांना सांगावे.

त्या मेळाव्यानंतर आमच्या शाळेच्या संघाने आपले पहिले कडवे रचिले आहे. चाल जुनी आहे. ती शिकविण्यास ते गृहस्थ दर शनिवारी मैदानावर येतात. मीही जातो, आणि कुंपणाशी उभा राहून ऐकतो.